बेशुद्ध माणूस बोलत नाही

वसंता,

तुझा आवाज गेला तो दुर्गापूजेच्या आधी, आणि तू गेलास तो थंडी पडल्यावर. मधल्या दिवसांत आपण फक्त भांडलो. म्हणजे मी तोंडानं भांडत होतो आणि तू पाटीवर लिहून. लोक विचारतात, शेवटी शेवटी काय बोलणं झालं? मी सांगतो, एका पुस्तकावरून वाद चालला होता. त्यांना वाटतं मी काहीतरी लपवतोय. आजाऱ्याच्या उशाशी बसून कुणी पुस्तकावरून वाद घालतं का?

आपण घातला. तो मिटला नाही, म्हणून लिहायला बसलोय. इथल्या मराठी मंडळींच्या अंकात तुझ्यासाठी दोन पानं ठेवलीत. जन्म, शिक्षण, बराकपूरच्या शाळेतली गणिताची नोकरी, हे सगळं दुसऱ्या कुणी लिहून दिलंय. फोटोही दिलाय, त्यात तू टाय लावून बसला आहेस. त्या टायवाल्याशी माझी ओळख नाही. माझी ओळख रविवारी दुपारी लुंगी नेसून, पाय खुर्चीवर घेऊन, "तुम्ही भुयाराच्या तोंडाशी उभे आहात" असं म्हणणाऱ्या माणसाशी आहे.

वाचणाऱ्यांना हा खेळ ठाऊक नसेल, म्हणून थोडं सांगतो. तू मध्ये तोंड घालू नकोस.

तुझ्या धाकट्या भावानं, विनायकनं, अमेरिकेहून बोटीच्या टपालानं एक खोका पाठवला होता. त्यात तीन पातळ पुस्तिका. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकानं सांगायचं, बाकीच्यांनी ऐकायचं आणि आपण काय करतो ते बोलायचं. प्रत्येकाचा एक मनानं बनवलेला माणूस असतो. त्याचं बळ किती, अक्कल किती, अंगात जीव किती, याचे आकडे ठरलेले. तो भुयारात उतरतो, मारतो, मरतो. वार लागला की चुकला, हे फाशावर. सांगणाऱ्याला आपण सूत्रधार म्हणायला लागलो. तो तू.

पहिल्या दिवशी मी हसलो होतो. "यात जिंकतं कोण?"

"कुणी नाही."

"मग खेळायचं कशाला?"

"पुढं काय होतं ते बघायला."

"ते न खेळताही दिसतंच."

"तुला आधी दिसलं असतं तर तू सांगली सोडून या कलकत्त्यात आला असतास का, पदवीधर?"

पदवीधर हे तू मला ठेवलेलं नाव. मी ते आनंदानं लावून घेतलं, कारण ते खरं होतं आणि अजून आहे. माझे वडील सांगलीच्या यार्डात हमाल. आमच्या घरात बी.कॉम. झालेला मी पहिला, आणि ते सांगायला मला लाज वाटत नाही, पुष्कळदा न विचारताही सांगतो. एस्प्लनेडजवळच्या सरकारी हिशेबाच्या कचेरीत मला नोकरी लागली, मेसमध्ये खाट मिळाली, आणि मराठी बोलायला म्हणून मी सियालदहहून गाडी पकडून तुझ्याकडे येऊ लागलो. पदवी मिळाल्यापासून लोक माझ्याशी दोनच तऱ्हांनी बोलायचे. एक, बघा हमालाचा मुलगा कुठं पोचला. दोन, कुठंही पोचला तरी हमालाचाच. तू तिसरी तऱ्हा काढलीस. माझ्या हातात कुऱ्हाड दिलीस, गोंदाजी नाव दिलंस, अक्कल बेताचीच दिलीस, आणि म्हणालास, "आता हा तू. सांग काय करतोस." सगळ्यांसारखा मीही तुझ्या खोलीत मूर्खपणा करू शकत होतो. याबद्दल मी तुझे आभार कधी मानले नाहीत. तशी आपल्यात पद्धत नव्हती.

खेळायला आम्ही तिघं. मी, मालतीवहिनी, आणि तुमच्या मागच्या गल्लीतला तपन, जूट कंपनीतला. तपन जादूगार. वहिनी चोर. वहिनींनी चोर का व्हावं, असं मी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "भावजी, घरात सगळं उघडच करावं लागतं. इथं तरी लपूनछपून करू द्या."

सुरुवातीला तू नकाशे काढायचास. नीळवाल्या साहेबाची पडकी कोठी, तिच्या तळघरातून गंगेच्या पात्राखालून पलीकडे जाणारं भुयार, पहारेकरी कुठं, गुप्त दार कुठं, सगळं चौकटीच्या कागदावर. आणीबाणी चालू होती. त्याआधीची दोन-चार वर्षं त्याच गल्ल्यांतून पोलिसांनी नक्षलवादी म्हणून पोरं उचलून नेलेली सगळ्यांनी पाहिली होती, काही परत आलीच नव्हती. एका दुपारी शेजारच्या काकांनी खिडकीतून तो नकाशा बघितला आणि वहिनींना हळूच विचारलं, ही पहाऱ्याची जागा कुठली? लष्कराच्या छावणीतली का? संध्याकाळी वहिनींनी सगळे नकाशे चुलीत घातले. पुढच्या रविवारी पाय वर घेऊन बसलास आणि म्हणालास, "डावीकडे ओल आलेली भिंत आहे, तिच्यावर मागच्या वेळी तपननं खडूनं फुली मारली होती." फुली खरंच मारली होती. त्या दिवसापासून भुयार कागदावर नव्हतं. ते तुझ्या तोंडात राहायला गेलं. नियमही तसेच. पुस्तिकांत निम्म्या गोष्टी लिहिलेल्याच नव्हत्या. पाण्याखाली श्वास किती टिकतो, कुलूप किती जुनं, तू बोलशील तो नियम. आम्ही कधी पुस्तक मागून बघितलं नाही.

फासे मात्र नव्हते. खेळाला लागायचे ते वीस बाजूंचे वगैरे फासे विनायकनं पाठवलेच नाहीत, त्याला वाटलं असेल मिळतील कलकत्त्यात. तू मराठी मंडळाच्या हाऊझीतल्या लाकडी चकत्या आणल्यास, एकपासून वीसपर्यंतच्या, आणि वहिनींच्या जुन्या बटव्यात टाकल्यास. हात घालायचा, चकती काढायची. मोठा आकडा चांगला, छोटा वाईट. आणि काढलेली चकती बाहेर ठेवायची, हाऊझीत ठेवतात तशी. बटवा रिकामा झाला की सगळ्या परत आत. यात काही चुकतंय हे आपल्यापैकी कुणाच्याही डोक्यात आलं नाही. गणिताच्या मास्तराच्याही नाही.

त्यातून आपला खेळ वेगळाच झाला. एक आणि दोन अजून आत आहेत, हे सगळ्यांना माहीत असायचं. ते कुणाच्या तरी हाती येणारच. गोंदाजी एखाद्या राक्षसासमोर उभा राहिला, की तपन म्हणायचा, "रुको नामदेवबाबू, पहले हम निकालेगा." आणि उगीचच खंदकावरून उडी मारायला जायचा, नाहीतर छताला लोंबकळायचा, म्हणजे त्याला चकती काढावी लागेल आणि वाईट आकडा त्याच्याकडे जाईल. एकदा खरोखर एक निघाला. तपनचा जादूगार तोंडावर पडला, पाय मोडला, आणि तपन खुर्चीवरून उठून नाचला. वाईट चकती दुसऱ्यासाठी काढण्याला आम्ही अंगावर घेणं म्हणायचो. मेसमध्ये, कचेरीत माझ्यासाठी कुणी साधी गर्दीत जागा धरली नसती. तुझ्या खोलीत जूट कंपनीतला एक माणूस माझ्यासाठी दर रविवारी पाय मोडून घ्यायचा.

मग तुझा घसा बसला. खडूची धूळ, सिगारेटी, थंडी, सगळ्यांची नावं घेऊन झाली. मग डॉक्टरनं खरं नाव घेतलं. किरणांचे शेक दिले. मानेची कातडी काळी पडली, जेवण पातळ झालं, आणि तुझा तो आवाज, ज्यानं भर दुपारी लोडशेडिंगमध्ये घामानं निथळत बसलेल्या आम्हाला थंडी वाजायची, तो आधी घोगरा झाला, मग फक्त हवा उरली. मग गळ्याला भोक पाडलं आणि हवासुद्धा तोंडापर्यंत येईना. तू शाळेतली पाटी घरी आणलीस.

पूजेत विनायक आला आणि येताना नवी आवृत्ती घेऊन आला. जाड पुठ्ठ्याची पुस्तकं, बारीक टाइप, आणि खरे फासे, प्लॅस्टिकचे, ज्यांच्या आकड्यांत रंगीत खडू घासून भरावा लागतो. आम्हाला वाटलं तू हसशील आणि फळीवर ठेवशील. तू पेन्सिल घेऊन बसलास. चार वर्षं ज्यानं पुस्तकाकडे ढुंकून बघितलं नाही तो पहिलीतल्या पोरासारखा ओळीखाली बोट फिरवत होता. जुन्याहून काय वेगळं ते समासात लिहीत होता.

मला ते बघवलं नाही. बघवलं नाही म्हणजे राग आला. "तुझ्याइतका हा खेळ या देशात कुणाला येत असेल? आणि तू परत श्रीगणेशा गिरवतोस?"

तू पाटीवर लिहिलंस: हो.

मी पुस्तक चाळलं. प्रत्येक गोष्टीला कोष्टक. हवा कशी, रोग कोणता होईल, गावात रस्त्यावर कोण भेटेल, खोलीत काय असेल. "वसंता, हे आमच्या कचेरीतलं मॅन्युअल आहे."

मग तुला येईलच, तू लिहिलंस.

"मला येऊन काय करायचंय? मी खेळणारा."

तू पाटी पुसलीस आणि बराच वेळ लावून लिहिलंस, मास्तरांच्या वळणदार अक्षरात: जुना खेळ माझ्या तोंडात आहे. नवा पुस्तकात आहे. तोंड चाललं.

ती पाटी मी पुसली. तुझ्या हातातून घेऊन, माझ्या हातानं. तू अडवलं नाहीस. पण तिथून पुढं आपण कशावरून भांडतोय हे दोघांनाही माहीत होतं. तुझ्या मागं हा खेळ चालवायचा की तुझ्याबरोबर जाऊ द्यायचा. तू चालवायचा म्हणत होतास. मी म्हणत होतो, तू बोलशील तोच खेळ, बाकी सगळी कारकुनी. आणि वसंता, मी ते तुझ्या प्रेमानंच म्हणत होतो. हेही तुला सांगायचं राहिलं.

एक दिवस आलो तर तू नुसता बसला होतास, बटवा मांडीवर. पाटीवर लिहिलेलं तयार होतं: चकती परत टाकायची असते.

मला कळेना. तू फासा उचलून टाकलास. सात. परत टाकलास. परत सात. माझ्याकडे बघितलंस. मग लिहिलंस: फाशाला मागचं आठवत नाही. दर वेळी वीसही आकडे. चार वर्षं चुकीचं खेळवलं. गणित शिकवतो मी.

तुझे डोळे भरले होते. आजारानं नव्हते भरले तेवढे. मी म्हटलं, "चूक कसली? तोच आपला खेळ. बटव्यात माणूस माणसासाठी काही करू शकत होता. या फाशापुढं तपननं काय करायचं, हात जोडायचे?"

तू पुस्तक उघडलंस, पान काढलंस, बोट ठेवलंस. मी वाचलं. इंग्रजी अवघड होतं, पण मी पदवीधर आहे, वाचलं. जुन्या खेळात जीव शून्यावर आला की माणूस मेला. नव्यात शून्यावर तो बेशुद्ध पडतो. मग दर फेरीला रक्त जातं, एकेक आकडा उणे होत जातो, उणे दहाला तो मरतो. मधे कुणी सोबत्यानं आपली एक फेरी खर्च करून जखम बांधली, तर रक्त थांबतं.

"म्हणजे मेलेल्याला सवलत," मी म्हटलं.

तू मान हलवलीस. लिहिलंस: सवलत नाही. वेळ. आणि खाली, लहान अक्षरात: इतरांना काम.

"हे तू तुझ्यावर आणतोयस."

तू खडू इतका दाबलास की मोडला. माझ्यावर आणू नकोस, तू लिहिलंस. खेळाचं बोलतोय.

आपला शेवटचा खेळ त्यानंतरच्या रविवारी झाला. नव्या आवृत्तीनं, खऱ्या फाशांनी. तुझं घर, तुझी पाटी, मी काय बोलणार? तू लिहायचास, वहिनी मोठ्यानं वाचायच्या. वहिनींच्या आवाजात राक्षस गरीब वाटायचे, पण कुणी हसलं नाही. आम्ही गंगेच्या तळाशी पोचलो होतो. वरून पाणी ठिबकत होतं, आणि समोर ते लोखंडी दार होतं ज्याच्यासाठी आम्ही दोन वर्षं चालत होतो. दारापलीकडे काय ते तुझ्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. दाराशी एक राखणदार उठला. लढाई मी घेतली, नेहमीसारखी. दोन वार लागले, तिसरा चुकला, चौथ्याला त्याचा हात माझ्यावर पडला. जीव शून्य.

मी उठलो. खुर्ची मागं सारली. "मेला गोंदाजी. चहा टाका वहिनी."

तू पाटी वर केलीस: उणे १.

"भावजी, बसा," वहिनी म्हणाल्या.

"बसायचं काय? मेलो मी. आत्तापर्यंत शून्य म्हणजे मेला, मीही तसाच मरणार."

उणे २.

"अरे दादा, बैठो ना," तपन म्हणाला. "हम बांधता है."

"कुणी बांधायचं नाही. राक्षस उभा आहे समोर. मला कुणाचे उपकार नकोत. आमच्या घरात आजवर कुणी कुणाचे…"

तू खडूनं पाटीवर टकटक केलीस, वर्गात करतात तसं. मग लिहिलंस आणि पाटी तिघांना दिसेल अशी फिरवलीस: बेशुद्ध माणूस बोलत नाही.

तपन हसला. मग त्याला कळलं की हे कोण लिहितंय, आणि त्याचं हसू तोंडावरच राहिलं. मी बसलो. गळ्याला भोक असलेल्या माणसानं गप्प राहायला सांगितल्यावर कुणाची छाती आहे बोलायची.

उणे ३.

मग जे झालं ते मला कधी झालं नव्हतं. मी टेबलाशी होतो आणि नव्हतो. माझ्यासमोर वहिनी आणि तपन माझ्याबद्दल बोलत होते. एकानं मला बांधायला यायचं तर दुसऱ्यानं राखणदारापुढं एकट्यानं उभं राहायचं. तपनकडे मंत्र उरला नव्हता. "बोउदी, तुमि जाओ," तो म्हणाला, वहिनी, तुम्ही जा. वहिनी म्हणाल्या, "आणि तू मेलास म्हणजे?" उणे ४. मला सांगायचं होतं की पळा, दोघंही पळा. तोंड उघडलं की तू पाटी दाखवायचास. उणे ५. मी टेबलावरच्या जिऱ्यासारख्या एका डागाकडे बघत बसलो. दोघं माणसं माझ्यापायी आपला जीव तोलताहेत, आणि मला हो म्हणायचीही सोय नाही, नको म्हणायचीही नाही. उणे ६.

वहिनी म्हणाल्या, "मी लुगड्याची चिंधी फाडते आणि भावजींची जखम बांधते." फासा लागत नाही त्याला. पुस्तकात तसंच आहे, केलं की झालं.

तू लिहिलंस: थांबलं.

तपनचा जादूगार हातात जळती काठी घेऊन राखणदार पडेपर्यंत त्याला अडवून राहिला, निभावलं त्यानं. मग तू पुस्तकातलं पुढचं वाक्य दाखवलंस. असा वाचलेला माणूस लगेच उठत नाही, आठवडाभर अंथरुणात. त्यांनी मला ओढत कोठीवर आणून टाकलं आणि ते दोघं परत दाराशी गेले. तिथं खेळ थांबला, कारण तू थकला होतास.

निघताना मी तुला म्हणालो, "मला तुझ्या पुस्तकासाठी वाचवलंस."

तू लिहिलंस: मी नाही. मालतीनं.

हे तुझं माझ्याशी शेवटचं बोलणं.

इस्पितळात तुला आणलं तेव्हा तू शुद्धीत नव्हतास. ते लिहायला नको वाटतं, पण मी तुला गोड करून सांगणार नाही, तूही कधी सांगितलं नाहीस. तुझ्या गळ्याच्या नळीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. वहिनी कापसानं ओठ ओले करायच्या. तपन पायांशी उभा, काय करावं ते न सुचून तुझी चादर नीट करायचा, परत विस्कटायचा, परत नीट करायचा. डॉक्टर म्हणाले, बोला त्यांच्याशी, ऐकू येत असेल. मी बोललो. काय बोलणार, वादच पुढं चालवला. म्हटलं, बघ, तुझ्या पुस्तकातला नियम. सोबत्यानं एक फेरी खर्च केली की रक्त थांबतं. वसंता, आम्ही तिघांनी होत्या तेवढ्या सगळ्या फेऱ्या खर्च केल्या. फाडायला लुगडं होतं, बांधायला हात होते. कुठं बांधायचं ते कुणी सांगितलं नाही.

बेशुद्ध माणूस बोलत नाही, हे मी तुझ्याकडून शिकलो. तो ऐकतो का, ते तुझ्या पुस्तकात नव्हतं. मी शोधलं. सियालदहच्या गाडीत उभ्यानं पुस्तक धरून मी ते बारीक टाइपातलं पान पुन्हा पुन्हा वाचलं. आसपासच्यांना वाटलं परीक्षेला बसलोय.

पहाटे तू गेलास. बराकपूरच्या घाटावर नेलं. विनायकला अमेरिकेत तार केली होती, तो पोचला नाही. लाकडं ओली होती, फार वेळ लागला. याहून जास्त लिहिण्यासारखं तिथं काही नव्हतं.

तेरावा झाला आणि वहिनींनी निरोप पाठवला, रविवारी या, तपनही येतोय. मी गेलो तो बसून चहा पिऊन निघायच्या तयारीनं. पुढच्या खोलीत टेबल मांडलेलं. नवी पुस्तकं, फासे. तुझी खुर्ची होती तिथंच.

मी म्हटलं, "वहिनी, कशाला?"

"आम्ही दाराशी उभे आहोत," त्या म्हणाल्या. पांढरी साडी, कपाळ मोकळं, आणि आवाज अगदी बाजारात भाव विचारावा तसा. "मी आणि तपन. आम्हाला तिथंच ठेवायचं का?"

"मला येत नाही ते."

"तुम्ही ते पुस्तक गाडीत वाचता असं तपन सांगत होता."

"तपनला सांगा खुर्चीत बसायला."

"तपन दाराशी आहे. मी दाराशी आहे." वहिनींनी पुस्तक माझ्याकडे सरकवलं. "तुम्ही अंथरुणात आहात, आठवडाभर. तुम्हीच तेवढे रिकामे."

वसंता, हे तुला त्या दिवशी माहीत होतं का? उणे सहापर्यंत मोजत बसलास तेव्हा, ते अंथरुणाचं वाक्य मला बोट ठेवून दाखवलंस तेव्हा, हा माणूस खेळातून उठेल आणि खुर्ची तेव्हा रिकामी असेल, असं काही डोक्यात होतं का? की फक्त नियम होता म्हणून पाळलास? मला माहीत नाही. होतं असेल तर तू मला फसवलंस. नसेल तर मग कुणी बसवलं मला इथं? मी वहिनींना विचारलं, दारापलीकडे काय ते तुम्हाला सांगितलं होतं का त्यानं? वहिनी म्हणाल्या, "मला ते भाजी काय आणायची तेही धड सांगत नव्हते. दाराचं कुठून सांगतील?"

मी तुझ्या खुर्चीत बसलो. पाय वर घेतले नाहीत.

वहिनींनी दाराचं कुलूप उघडलं. आकडा चांगला पडला. तपन पुढं झुकला. "बोलो नामदेवबाबू. क्या दिखता है?"

मला काय ठाऊक. तुझं भुयार तुझ्याबरोबर लाकडांवर गेलं होतं. पुस्तकात मात्र कोष्टक होतं, तू म्हणाला होतास तसं, बोलणारा नसला तरी सांगणारं. मी फासा टाकला. ओळ शोधली, बोट ठेवून वाचली, पुन्हा एकदा वाचली.

"रिकामी खोली," मी म्हणालो.

दोन वर्षं चालून, तिघांचे पाय मोडून, रिकामी खोली. बाहेर कुणाची तरी सायकल गेली. तपन माझ्याकडे बघेना. मला वाटलं खेळ इथंच संपला, आणि बरंच झालं, निदान तुझ्या नावावर संपला नाही.

"हे त्यांनी ठरवलेलं की तुम्ही?" वहिनींनी विचारलं.

"पुस्तकानं."

वहिनींनी फासा उचलला. "मी आत जाते," त्या म्हणाल्या, "आणि भिंती चाचपून बघते." त्यांनी फासा टाकला. अठरा. मान वर करून त्या वाट बघत राहिल्या. "काय लागलं हाताला, भावजी?"

मी पान उलटलं. पुढं काही नव्हतं. तिथं कोष्टक संपत होतं. मी पुस्तक मिटलं आणि बोलायला लागलो.